बत्तीसकाकांच्या आत्याबाई

बत्तीसकाकांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. आसपासच्या चार गल्ल्यांत ज्यांचे दात पडले, त्यांच्या तोंडात आज जे काही चमकतं ते काकांच्या हातचं. गावातल्या दवाखान्यालाही कवळ्या तेच पुरवत. म्हणून नाव पडलं बत्तीस. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण पाटीवर वेल चढलाय आणि तो बाजूला करून वाचायची गरज कुणालाच पडलेली नाही. कामात काकांची एक खोड होती. अगदी सरळ दात खोटे दिसतात असं त्यांचं मत, म्हणून प्रत्येक कवळीत डावा सुळा ते किंचित तिरका बसवायचे. गल्लीत कुणी हसलं की काका आधी तो सुळा बघत आणि मग विनोद काय होता ते विचारत.

घरात माणसं दोनच, काका आणि काकू. लेक लग्न होऊन लांब गेलेली. पण शेजाऱ्यांना विचाराल तर ते तीन सांगतील, कारण बाजूच्या शेडमध्ये आत्याबाई राहत होत्या. आत्याबाई म्हणजे एक जुनी जर्मन स्टेशन वॅगन. पुढून चारचौघींसारखी मोटार, पण मागे जी सुरू होते ती संपायचं नाव घेत नाही. नाव काकूंनी ठेवलेलं. काकांची एक सख्खी आत्या होती. मागून ऐसपैस, वयाचा विषय काढलेला न खपणारी, आणि ‘निघते हं’ म्हणून दारात उभं राहून पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागणारी. गाडी घरी आली त्या दिवशी काकांनी किल्ली काढून खिशात टाकली, दार लावलं, पायरीपर्यंत चालत आले, तरी इंजिन आपलं चालूच. काकू उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "अगंबाई, या तर आत्याबाई!" नाव चिकटलं ते चिकटलंच.

यात भुताटकी काही नव्हती. त्या जातीच्या जुन्या डिझेल गाडीत इंजिन बंद करायचं काम एका बारीक नळीकडे असतं. नळी कुठे गळत असली की किल्लीला कुणी विचारत नाही. मग बॉनेट उघडून आतली छोटी दांडी बोटाने दाबून धरायची, म्हणजे बाईसाहेब थरथरत, कुरकुरत एकदाच्या गप्प होतात.

गाडी मिळाली ती कवळीच्या बदल्यात. जहाजावर जन्मभर स्वयंपाक केलेला एक म्हातारा काकांकडे दात करायला आला होता. त्याच्या परसात ही गाडी उभी होती आणि तिच्यात कोंबड्या नांदत होत्या. वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या द्यायच्या आणि गाडी न्यायची, असं ठरलं. आपण समोरच्याला टोपी घातली, असं दोघांनाही वाटलं आणि दोघेही खूश झाले. कोंबड्या तेवढ्या नाराज होत्या. त्यांतली एक मागच्या सीटखाली दडून घरापर्यंत आली होती, तिला काकूंनी बसने परत पोचवली.

मग काकांनी गाडी दुरुस्त करायला घेतली, आणि ती त्यांना जी येत होती त्याच पद्धतीने केली. गंज दिसला की म्हणायचे, "कीड लागलीय." दात कोरायच्या हत्याराने तो गंज ते खरवडून काढत, भोक स्वच्छ करत आणि बुजवत. इंजिनामागे हात पोचत नसे तिथे तोंडात घालायचा छोटा आरसा जाई. गंजून अडकलेला एक बोल्ट त्यांनी दाढ उपटायच्या पकडीने उपटला आणि सवयीने म्हणाले, "झालं, झालं, आता चूळ भरा." गाडीच्या चकचकीत पट्ट्यांचं नक्षीकाम कवळी घासायच्या पुडीने घासलं, ते असं लखलखलं की काकू त्यात बघून टिकली लावू शकल्या असत्या. लावली मात्र कधी नाही.

सुटे भाग मिळायची मारामार. जर्मनीहून मागवायचे तर हौसेला मोल नाही हे खरं, पण काकूंच्या हिशेबात होतं. मग काका ते भाग कवळीच्या मसाल्यातून घरीच ओतायला लागले. मसाला कुठल्या रंगाचा? हिरडीच्या. त्यामुळे गिअरच्या दांड्याची मूठ गुलाबी, हीटरची बटणं गुलाबी, काचा खाली करायची हँडलं गुलाबी. गाडीत बसलं की कुणीतरी तोंड उघडून आपल्याकडे बघतंय असं वाटे. मागचं मोठं दार वर धरून ठेवणारे दांडे मात्र काही केल्या जमले नाहीत, तेव्हा तिथे काकूंच्या झाडूचा टेकू लागला. त्या घरात केर काढायचा तर आधी आत्याबाईंची परवानगी घ्यावी लागे.

ती गळकी नळीही तशीच राहिली. खरं तर तो अर्ध्या दुपारचा खेळ. काकू म्हणायच्या, "अहो, एवढं सगळं केलंत, ती एक नळी तेवढी करून टाका की!"

"करतो," काका म्हणायचे. "एखादं काम हाताशी असू दे गं. सगळंच संपलं तर उद्या उठून करू काय?"

काकूंचा गाडीवर राग होता, आणि तो विनाकारण नव्हता. लेक लहान असताना तिघं समुद्र बघायला निघाली. लेक मागच्या टोकाला, उलट तोंडाच्या सीटवर बसली होती, त्यामुळे तिला जे जे दिसलं ते मागे पडलेलंच दिसलं. वाटेत काका चहासाठी थांबले आणि आत्याबाई बंद होईनात. दांडी नेमकी कुठे दाबायची हे काकांना तेव्हा नवीन होतं. ते बॉनेटमध्ये डोकं घालून दिवसभर इंजिनाशी गोडीगुलाबीने बोलत राहिले. समुद्र राहिला बाजूला. परत आल्यावर काकूंनी जाहीर केलं, "या बाईच्या मांडीवर मी पुन्हा बसणार नाही." आणि नाही बसल्या. लेकीच्या लग्नाच्या खरेदीलासुद्धा रिक्षाने गेल्या. काका रिक्षाच्या मागे मागे रिकामी गाडी घेऊन.

अशी वर्षं गेली. मग काकांचे डोळे गेले. म्हणजे अगदी गेले नाहीत, पण लांबचं दिसेनासं झालं. दात हाताला कळायचे, रस्ता हाताला कसा कळणार? एकदा त्यांनी चौकात गाडी थांबवून एका गृहस्थाला अदबीने हात केला, "जा, तुम्ही आधी जा." गृहस्थ हलेना. काकाही हलेनात. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजू लागले, काका काच खाली करून म्हणाले, "सावकाश जा हो, घाई नाही." शेवटी शिंपी दुकानातून बाहेर आला आणि कोट घातलेला आपला पुतळा आत घेऊन गेला.

ही बातमी काकांच्या आधी घरी पोचली. काकूंनी किल्ली पदराला बांधली आणि निकाल दिला. महिना संपेपर्यंत कुणी चांगला माणूस मिळाला तर गाडी त्याला विकायची. नाही मिळाला तर भंगारवाला घेऊन जाईल. त्याला त्यांनी शब्दही देऊन ठेवला. भंगारवाला गल्लीतलाच. तो रोज येता-जाता शेडपाशी थांबून आत्याबाईंच्या पाठीवर टकटक करी आणि कान देऊन ऐके.

"पत्रा जाड आहे काकू," तो म्हणायचा. "कापायला दिवस जाईल."

ते ऐकलं की काका उठून घरात जात. आपण चालवणार नाही हे त्यांनी गिळलं होतं. पण आत्याबाईंचे तुकडे होणार, ही गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. रात्रीचं जेवण कमी झालं. दुपारी शेडमध्ये जाऊन ते नुसतेच स्टीअरिंगवर हात ठेवून बसायचे.

गिऱ्हाइकं आली नाहीत असं नाही. आली, पण काका त्यांची पारख दातांवरून करायला बसले. एका शिक्षकाला गाडी फार आवडली. काकांनी त्याला बोलता बोलता हसवलं, आत डोकावून पाहिलं आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. काकू चिडल्या. काका म्हणाले, "झोपेत दातावर दात घासतो तो. दाढा बघितल्यास का? सपाट! असा माणूस गिअरची काय दशा करेल?" दुसरा आला, त्याच्या दातांवर शेवाळ धरलं होतं. "स्वतःच्या तोंडाची निगा ठेवत नाही, तो ऑइल बदलणार?" तिसरी एक बाई, नीटनेटकी, दात मोत्यांसारखे. तिला काकांनी गाडीची सगळी दुखणी इतक्या प्रेमाने समजावून सांगितली, की ती गाडी घेण्याऐवजी गाडीसाठी हळहळून निघून गेली.

"अहो, जावई शोधताना तरी एवढं बघितलं होतं का?" काकू म्हणाल्या.

"बघितलं होतं," काका म्हणाले. "वरच्या ओळीत थोडी गर्दी आहे. चालवून घेतली."

महिना सरत आला. भंगारवाल्याने मोठी कात्री धार लावायला टाकली. आणि तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाहून गंभीरराव आले.

गंभीररावांचा धंदा शववाहिकेचा. माणूस सज्जन, पण जन्म शोकाच्या घरांत गेलेला, त्यामुळे चेहऱ्याला हसायची सवयच राहिली नव्हती. बोलणं हळू, चालणं हळू. त्यांची जुनी गाडी मोडीत निघाली होती आणि त्यांना लांब पाठीची, दणकट गाडी हवी होती. धंदा कळल्यावर काकांचं तोंड कडू झालं. आत्याबाईंना ही नोकरी? पण काकूंनी त्यांना कोपराने ढोसलं, कारण भंगारवाला समोरच्या कट्ट्यावर बसून पाय हलवत होता.

काकांनी नेहमीप्रमाणे दात बघायचा प्रयत्न केला. एक विनोद सांगितला. गंभीरराव म्हणाले, "असं असं." दुसरा सांगितला. गंभीररावांनी मान खाली घालून म्हटलं, "वाईट झालं." ओठ काही उघडेनात. असं बंद तोंडाचं गिऱ्हाईक काकांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"मागे लांबी पुरेल ना?" गंभीररावांनी विचारलं.

"पुरेल म्हणजे? आरामात पुरेल."

"प्रत्येक जण तसंच म्हणतो," गंभीरराव हळुवारपणे म्हणाले. "झोपून बघितल्याशिवाय कळत नाही."

काकांच्या अभिमानाला ते लागलं. त्यांनी मागच्या सीटा पाडल्या, चपला काढल्या आणि स्वतःच आत जाऊन आडवे झाले. पाय लांब केले. डोक्याशी जागा उरली, पायाशीही उरली. एवढ्यात काकूंना शेडमध्ये चिखलाची पावलं दिसली आणि त्यांनी सवयीने हात घालून झाडू ओढला. मागचं दार धप्पकन बंद झालं. ते आतून उघडत नसे.

"राहू दे, राहू दे," काका आतून ओरडले. "आता चालवूनच बघा! मी इथून गिअरबॉक्स ऐकतो." आणि गिअरबॉक्स ऐकताना ते नेहमी करत तसं त्यांनी छातीवर हात ठेवले आणि डोळे मिटले.

आता गाडी बंद करायची ती दांडी गंभीररावांना दाखवणार कोण? काकूंनी आभाळाकडे बघितलं, पदर खोचला आणि इतक्या वर्षांची शपथ मोडून पुढच्या सीटवर बसल्या. पदराची गाठ सोडून किल्ली दिली. बसल्याबरोबर त्यांनी गुलाबी हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं, ओठ आवळले आणि समोर नजर लावली. भीती वाटली की त्यांचं तोंड असंच होई.

गाडी गल्लीत आली. न्हावी दारात उभा होता. त्याने पाहिलं, गाडी चालवतायत गंभीरराव, शेजारी काकू दगडासारख्या बसलेल्या, आणि मागे काका, हात छातीवर, डोळे मिटलेले. त्याच्या हातून वस्तरा गळाला. "बत्तीसकाका गेले!" अर्ध्या गालाला फेस असलेलं गिऱ्हाईक तसंच उठून बाहेर आलं. शिंपी आला. ज्यांच्या तोंडात काकांचे दात होते ते सगळे म्हातारे आले. भंगारवाला कट्ट्यावरून उतरला आणि एकदम हुंदके द्यायला लागला, "मीच हो, मीच त्यांच्या जिवाला घोर लावला!" सगळे गाडीमागून चालू लागले.

गंभीररावांना यात नवीन काहीच वाटलं नाही. मागे माणसं चालायला लागली की त्यांचा पाय आपोआप हलका होई. ते पहिल्या गिअरमध्येच, गोगलगाईच्या चालीने, गंभीर मुद्रेने पुढे सरकत राहिले.

मागे काका ऐकत होते. खरं सांगायचं तर त्यांना फार बरं वाटत होतं. इतकी वर्षं त्यांनी गाडी चालवली, पण तिच्यात असं पडून कधी पाहिलं नव्हतं. खालून येणारी घरघर पाठीत शिरत होती. आत्याबाईंनी आपल्याला मांडीवर घेतलंय असं त्यांना वाटलं, आणि मिटल्या डोळ्यांत पाणी आलं. पण पहिला गिअर काही बदलेना. इंजिन बिचारं ओरडत होतं. काकांनी दात-ओठ खाल्ले, कळ काढली, आणि गल्लीच्या मध्यावर ते ताडकन उठून बसले.

"अहो, दुसरा टाका, दुसरा!" ते गरजले.

न्हावी होता तिथेच बसला. मागची मंडळी भिंतींना चिकटली. गंभीररावांच्या गाडीत आजवर मागून कुणी सूचना केली नव्हती. त्यांनी करकचून ब्रेक दाबला आणि किल्ली उपटून काढली. इंजिन चालूच. किल्ली हातात, गाडी धडधडतेय, आणि मागे मयत तावातावाने क्लचवर बोलतंय! भंगारवाल्याने एकदाच किंकाळी फोडली आणि जो पळाला तो कोपऱ्यावरच्या कचरापेटीवर आदळेपर्यंत थांबला नाही.

आणि गंभीरराव हसले. आधी खांदे हलले, मग पोट, मग तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. स्टीअरिंगवर डोकं ठेवून ते हसले, त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्यांनी डोकं वर केलं तेव्हा काकांनी सवयीने समोरच्या आरशात पाहिलं. वरची ओळ स्वच्छ, घासलेली, रोज पाण्यात ठेवून जपलेली. आणि डावा सुळा किंचित तिरका.

"हे दात कुणी केले?" काकांनी मागून हळूच विचारलं.

"दवाखान्यातून मिळाले. फार वर्षं झाली," गंभीरराव डोळे पुसत म्हणाले. "एकदाही काढून बदलावे लागले नाहीत. वापरलेच कमी ना! माणूस जपून ठेवतो हो चांगली वस्तू."

काकूंनी खाली उतरून बॉनेट उघडलं आणि बरोबर ती दांडी दाबली. आत्याबाई गप्प झाल्या. काका चकित झाले. ही दांडी हिला कधी कळली, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

"गाडी घ्या," ते म्हणाले. "पण ती बंद होत नाही, हे बघितलंत ना?"

"ते तर उत्तमच," गंभीरराव पुन्हा गंभीर होत म्हणाले. "आमच्या धंद्यात मध्येच बंद पडून चालत नाही. धक्का मारायला सांगणार कुणाला?"

"मग माझ्या दोन अटी. हिची देखभाल मी करणार. आणि माझी वेळ येईल तेव्हा मला न्यायला हीच यायची. दुसरी पाठवलीत तर मी येणार नाही."

"काय अभद्र बोलता हो!" काकू ओरडल्या आणि तरातरा घरात निघून गेल्या. परत आल्या तेव्हा हातात झाडू होता. "हा टेकूला असू द्या," त्या गंभीररावांना म्हणाल्या. "घरात नवीन आणते मी."

आत्याबाई अशा रीतीने नोकरीला लागल्या. भंगारवाल्याने कात्री विकून टाकली. काकांची भूक परत आली. दर आठवड्याला ते डब्यात हत्यारं घालून बसने गंभीररावांकडे जातात, गंज कोरतात, नक्षी घासतात, कान लावून ऐकतात. गंभीरराव दारातच विचारतात, "काय काका, आज गिऱ्हाईक म्हणून, की मिस्त्री म्हणून?"

"मिस्त्री म्हणून," काका सांगतात. "ती एक नळी राहिलीय अजून."

परवा काका दुपारचे झोपले असताना काकू एकट्याच गंभीररावांकडे गेल्या. गाडीच्या पुढच्या सीटवर बसून पाहिलं, गादी दाबून पाहिली, काचेवरची धूळ पदराने पुसली. ही सीट माझी, म्हणाल्या, त्या दिवशी इथे दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही. गंभीररावांनी मान हलवली. काकू दारापर्यंत गेल्या आणि थेट आत्याबाईंसारख्या पुन्हा वळल्या.

"आणि हे बघा भाऊ, तुमच्याकडे दुसरेही मिस्त्री येत असतील," त्या म्हणाल्या. "त्यांतल्या कुणालाही ती नळी दुरुस्त करू देऊ नका."